नजीराचा तळहात

“गाल लई तांबडं दिसाय लागल्यात गं पोराचं. ताप-बीप न्हाय न्हवं?” एवढं बोलून तानाबाई कमरेवरची घागर सावरत निघूनसुद्धा गेली. तिचं काय जातंय! शेजारीण म्हणून दारावरून जाता जाता काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, आणि गल्लीच्या वळणापर्यंत विसरलीही असेल. पण नजीराचा हात परातीतल्या पिठात होता तिथंच थांबला. तिनं आधी गल्लीत डोकावून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग दार लोटून घेतलं. गैबी गोधडीवर बसून लाकडी पळी चोखत होता. आठ महिन्यांचा जीव, कागलच्या गैबी पीराला नवस बोलून झालेला, म्हणून त्याचंच नाव ठेवलेला. गाल खरंच तांबडे होते. पण चुलीच्या उजेडात कुणाचे नसतात? तिनं पिठाचा हात पदराला पुसला, त्याच्या कपाळावर ठेवला, आणि वाट बघत राहिली. हाताला काहीच कळलं नाही. गरम नाही, गार नाही. कपाळाच्या जागी भिंत असती तरी एवढंच कळलं असतं.

तिनं हात बदलला. दुसऱ्या हाताचीही तीच गत. मग तिनं आपला गाल त्याच्या गालाला लावला. गरम लागला. पण पहाटेपासून ती चुलीपुढं बसलेली, आपला गाल गरम की त्याचा, ते कसं ठरवायचं? आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे काही आजचं नाही. महाराज गादीवर आले त्या साली तिचं लग्न झालं, आणि आठवड्याभरात सासूनं, खैरुनबीनं, तिला नानकटाईच्या चुलीपुढं बसवलं. तूप तळहातानं फेसून पांढरंशुभ्र करायचं, त्यात साखर, रवा, वेलदोड्याची पूड घालायची, चपटे गोळे थाळीत मांडायचे. थाळी चुलीवर, थाळीवर पत्र्याचं झाकण, झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच, आणि सगळी मेख त्या आचेत. झाकणावर हात धरून ‘बिस्मिल्ला’ म्हणत राहायचं. सातव्याला हात मागं घ्यावासा वाटला तर आच बरोबर. पहिल्या वर्षी नजीरा तिसऱ्यालाच ‘अम्मा गं’ म्हणून ओरडायची आणि खैरुनबी खो खो हसायची. “हात शिजल्याबिगर नानकटाई शिजत न्हाय, बाई,” म्हणायची. शिजले की हात! पाच वर्षांत असे शिजले, की आता वीस बिस्मिल्ला झाले तरी आत काही हलत नाही. निखारा घरंगळला तर ती दोन बोटांनी उचलून जागेवर ठेवते. आच कळेनाशी झाली तेव्हा तिनं एक युक्ती काढली होती. झाकणाखाली चिमूटभर पीठ टाकायचं, ते बदामी झालं की आच आली. स्वतःच्या या हुशारीचं तिला फार कौतुक होतं. आता पोराच्या कपाळावर काय टाकून बघायचं?

ताप. हा शब्द यंदा तोंडातून काढायची सोय नव्हती. चारच दिवसांपूर्वी मागच्या गल्लीत उंदीर पडले होते. त्या संध्याकाळी दवंडी आली, की ज्याच्या घरात अंग तापेल त्यानं चावडीवर कळवायचं. कळवलं की माणसं येत, काखा बघत, जांघा बघत, घरावरची कौलं उतरवून आत ऊन सोडत, अंथरूण-पांघरूण जाळत. आजारी माणूस गावाबाहेरच्या छपरात आणि घरचे सगळे करंटिनात, वेगळ्या छावणीत कोंडलेले. तान्ही मुलं आयांपासून तोडतात म्हणे. खरं की खोटं, कोण जाणे. तिथून परत येऊन सांगणारं तिला अजून कुणी भेटलं नव्हतं. नवरा फक्रुद्दीन बैलगाडी घेऊन इचलकरंजीला सुताचे गठ्ठे पोचवायला गेला होता आणि वाटेतल्या नाक्यावर अडकून पडला होता, दहा दिवस बाहेर काढल्याशिवाय गावात सोडणार नव्हते. म्हणजे घरात ती एकटी आणि हा एक. रात्रभर तिला झोप नव्हती. डोकं ठणकत होतं, जांघेत चमक भरली होती, तोंडाला चव नव्हती. रोज कडेवर पोर आणि डोक्यावर पाटी म्हटल्यावर काय होणार? तिच्या स्वतःच्या दुखण्याकडे बघायला तिच्याकडे वेळच नव्हता. तिचा सगळा जीव त्या एका कपाळावर येऊन बसला होता.

घरी बसावं का? छे! नजीरा आज आली नाही, असं कुणी म्हटलं की दुसरं कुणी का म्हणणार, आणि तिसरं कुणी चावडीवर जाणार. रोज निघायचं तसंच निघायचं. आणि थाळीतल्या नानकटाया पाटीत रचताना तिच्या डोक्यात तो विचार आला, इतका सोपा, की तिचीच तिला शरम वाटली. रोज बाहेर पडल्यावर काय होतं? पाटी उतरवली की घरोघरच्या बाया आधी गैबीला उचलून घेतात. आजही घेतील. त्यांचे हात चांगले आहेत, जिवंत आहेत. तोंडानं कुणाला काही विचारायचं नाही. नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघायचं. पोर तापलं असेल तर घेणारीचा चेहरा लपणार नाही. आणि खरंच तापलं असेल तर? तर आपण ते रोगट पोर चार घरांच्या उराशी देतोय, हे तिला कळत होतं. चांगलं कळत होतं. तिनं पाटीवर फडकं बांधलं आणि गैबीला झोळीत घालून कमरेशी आवळलं.

हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. सगळे जण कांबळी, शाली गुंडाळून ओट्यावर बसले होते. नजीरालाही हुडहुडी भरली होती, दात एकमेकांवर आपटत होते. पण जिथं गैबी तिच्या अंगाला चिकटला होता, बरगडीपासून कमरेपर्यंत, तेवढी जागा तव्यासारखी तापली होती. आणि ओली झाली होती. तिथं हात नव्हता ना, तिथं अंग होतं, आणि अंग खोटं कशाला सांगेल? प्रत्येक पावलाला ती जागा सांगत होती, की आहे, ताप आहे. तिनं झोळी जरा सैल केली. थोडं गार वारं आत गेलं. दहा पावलांत परत तेच. गैबी मात्र झोळीतून मान काढून कावळ्याला हाका मारत होता. तापलेलं पोर असं बोलतं? का तापातच बडबडत असेल? मोठी माणसं तापात बडबडतात. खैरुनबी बडबडली नव्हती.

पहिलं घर गणपतराव कारकुनांचं. तिथं काही उपयोग नव्हता हे तिला ठाऊक होतं. गणपतरावांना नानकटाई चालायची, नानकटाईवालीचा हात चालायचा नाही. पूजा आटोपून ते मागच्या खिडकीत येत, गजांतून केळीचं पान बाहेर सरकवत, तिनं वरून सहा नानकटाया सोडायच्या, आणि पान आत. घरात बायकोला पत्ता नाही! एरवी या सोंगाचं तिला हसू यायचं. आज तिला वाटलं, की एवढा शहाणा माणूस, चष्मा लावणारा, ह्यानं एकदा गजांतून हात काढून पोराच्या कपाळाला लावला तर काय बिघडेल याचं? “आज उशीर केलास गं,” गणपतराव कुजबुजले. तिनं गैबीला मुद्दाम खिडकीजवळ नेलं. त्यानं गज धरला. गणपतरावांनी पान पोटाशी धरून दोन पावलं मागं घेतली आणि झडप लावून घेतली. मागं सरलेल्या माणसाला बघून नजीरानं तोंड फिरवलं. असंच कुणीतरी मागं सरलं होतं. कोण, ते तिला माहीत होतं, पण तिला आत्ता ते आठवायचं नव्हतं.

हंबीररावांच्या ओट्यावर पाटी उतरवली. म्हातारा पेन्शनीतला शिलेदार, मिशा पांढऱ्या, आवाज अजून घोड्यावरचा. “या या, गैबीसाब! सलाम!” म्हणून त्यांनी पोराला दोन्ही हातांनी वर उचललं. नजीरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मिशांवरून काही कळेना. म्हाताऱ्यानं त्याला मांडीवर उभं केलं, नाचवलं, त्याच्या पोटात तोंड घालून आवाज काढला. गैबी खिदळला. पण हाताला हातमोजे होते. थंडीचे, लोकरीचे, मनगटापर्यंत. आत्ताच घालायचे होते का हे! “हातमोजं काढा की, आबा,” ती बोलून गेली. “पोराला टोचत असतील.” आबांनी तिच्याकडे पाहिलं. “टोचतंय व्हय रं तुला?” म्हणाले, आणि काढले नाहीत. एक नानकटाई तोंडात टाकून त्यांनी भुवया वर केल्या. “नजीरे, आज येलदोडा इसरलीस जणू. ध्यान कुठं हाय तुझं?” तिनं पाटीत वाकून वास घेतला. तिला कसलाच वास आला नाही, तुपाचासुद्धा नाही. पाच वर्षांत वेलदोडा पहिल्यांदा विसरला होता. खैरुनबी असती तर पाटी परत फिरवायला लावली असती.

तिथून अंबूबाईचं घर हाकेवर, पण तेवढ्या वाटेत तिला दोनदा भिंतीला टेकावं लागलं, आणि टेकल्यावर खैरुनबी डोळ्यांपुढं आलीच. गेल्या साली, असाच हिवाळा, आणि गैबी तेव्हा पोटात. एका पहाटे उठून बघते तर सासू दारात उभी, डोक्यावरून पदर, हातात लहानसं गाठोडं. “कागलला जाऊन येते दर्ग्यावर,” म्हणाली. आदल्या दिवशी नजीराकडून अख्खी थाळी करपली होती आणि सासू दिवसभर तिच्याशी बोलली नव्हती, कोपऱ्यात तोंड करून पडून होती. नजीरा सलाम करायला वाकली. सुनेनं वाकायचं आणि सासूनं डोक्यावर हात ठेवायचा, रोजचीच रीत. ती वाकून राहिली, आणि हात आलाच नाही. मान वर करून बघते तर खैरुनबी मागं सरलेली, उंबऱ्याच्या पलीकडे. एक थाळी करपली तर एवढा राग? पोटुशी सून समोर वाकलीय आणि हात ठेवत नाही? म्हातारी कागलला गेलीच नव्हती. गावाबाहेरच्या छपरापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली होती, आणि तिसऱ्या दिवशी ती गेल्याचा निरोप आला. घराची कौलं कुणी उतरवली नाहीत. नजीरा रडरड रडली, पण रडण्याच्या तळाशी तो राग तसाच राहिला. जाताना हात ठेवला नाही. एका थाळीसाठी.

अंबूबाईचा सातवा महिना होता. ती दारातच होती. “आलं गं माझं सोन्याचं बाळ!” म्हणून तिनं गैबीला झोळीतून ओढूनच घेतलं, छातीशी धरलं, आणि दोन्ही गालांचे, कपाळाचे, मानेचे मुके घेतले. ओठ! ओठांना तर कळतंच. नजीरा श्वास धरून उभी राहिली. थांब म्हण, तिच्या आत कुणीतरी ओरडत होतं, पोटुशी आहे ती, थांबव तिला. पण आणखी एक मुका घेऊ दे, मग कळेल, असंही कुणीतरी म्हणत होतं, आणि नजीरा गप्प राहिली. अंबूबाईचा चेहरा जसा होता तसाच. हसरा. तिला काही वाटलं नाही, की वाटलं आणि ती दाखवत नाही? लोक काय कमी डांबिस असतात? समोर मुके घेतील आणि पाठ फिरली की चावडीवर. “तुझं त्वांड का गं असं उतरलंय?” अंबूबाई म्हणाली आणि तिच्या हाताला धरून तिला ओट्यावर बसवू लागली. नजीरानं हात सोडवून घेतला, नानकटाया मोजल्या, दोनदा चुकली, आणि पोराला जवळजवळ हिसकावून घेऊन निघाली. मागून अंबूबाई पोटावर हात ठेवून बघत राहिली होती. आपण काय केलं हे? नजीराला स्वतःची अशी घाण आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता एकच घर उरलं, आणि ते तिनं मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. रंकाळा वेशीपलीकडे बयाबाईचा म्हशींचा गोठा. बयाबाई म्हशीचा कान मुळाशी मुठीत धरून ताप सांगायची. तिचं कधी चुकलं नाही, आणि तिनं कधी काही मनातही ठेवलं नाही. तिचं कानात बोलणंसुद्धा चार घरांना ऐकू जायचं. बयाबाईला कळलं म्हणजे अख्ख्या वेशीला कळलं. म्हणून तिची भीती सगळ्यांत जास्त, आणि म्हणून तिच्याकडे गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वेस ओलांडताना रस्ता नजीराच्या पायाखाली हलला. जांघेतली चमक आता पाऊल टाकू देईना. ती गैबीला सांगत राहिली, की झालं, आलं, आता आक्का बघेल तुला. तो तिच्या गळ्यातली काळी पोत तोंडात घालून चोखत होता. तापलेली जागा तशीच तापलेली होती.

बयाबाई धार काढून उठली होती, हात नुकतेच हौदात बुचकळलेले, कोपरापर्यंत ओले, गार. “का गं, आज दुपार केलीस? आन पाय का वडतीयास?” नजीरानं पाटी खाली टाकली. रचून ठेवलेलं सगळं बोलणं डोक्यातून उडून गेलं. “आक्का,” ती म्हणाली, “याचा कान बघा. माझ्या हाताला कळत न्हाय. कुणाला सांगू नका, पाया पडते तुमच्या, पर याचा कान बघा.” आणि ती रडायला लागली.

बयाबाईनं झोळीतून पोर काढलं, कडेवर घेतलं, आणि त्याचा इवलासा कान मुळाशी दोन बोटांत धरला. डोळे मिटले. म्हशीच्या वेळी मिटायची तसेच. मग दुसरा कान. मग काख, मग जांघ. मागं एक म्हैस फुरफुरली. नजीराला वाटलं, आत्ता, या क्षणी, कुणी येऊन आपल्याला मारून टाकावं, पण हे डोळे उघडू नयेत. बयाबाईनं डोळे उघडले.

“काय झालंय याला? घडीव हाय पोरगं. कान गार, काखा गार. दात येत्यात म्हणून गाल तांबडं.” आणि मग तिचा नेहमीचा आवाज लागला. “येडी का खुळी गं तू? एवढ्यासाठी रडतीयास? माझ्या काळजाचं पाणी केलंस की! थांब, तुझाच कान पिळायला पायजे!”

आणि हसत हसत तिनं खरोखरच नजीराचा कान धरला. पिळला मात्र नाही. तो ओला गार हात कानावर तसाच राहिला. बयाबाईचं हसणं तोंडावरच विरत गेलं. तिनं कान सोडला, पुन्हा धरला, आणि या वेळी तिचे डोळे आपोआप मिटले.

“गार हाय न्हवं? आक्का, गार हाय न्हवं ते?” नजीरा विचारत होती, हसत होती, डोळे पुसत होती. तिला अजून दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

“पोर गार हाय,” बयाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली. “तू पेटलीयास, नजीरे.”

नजीरा हसतच राहिली थोडा वेळ. मग तिनं आपला हात कमरेवर, त्या तापलेल्या ओल्या जागी ठेवला. पोर तिथं नव्हतं, बयाबाईच्या कडेवर होतं, आणि जागा तशीच तापलेली होती. जांघेत बोट लावायची गरज नव्हती, पण लावलं. सुपारीएवढं काहीतरी होतं, आणि दुखलं. म्हणजे हंबीररावांच्या ओट्यावर, अंबूबाईच्या दारात, त्या खिडकीशी, ती जे हिंडवत होती ते पोर नव्हतंच.

गैबीला आईचे डोळे दिसले आणि तो झेपावला. दोन्ही हात पसरून, रोजच्यासारखा, आपल्याला घेणारच या भरवशावर. नजीराचे हात पुढं झाले. आणि मग ती मागं सरली. एक पाऊल, मग आणखी एक, गोठ्याच्या दाराबाहेर. गैबीला आधी ती गंमत वाटली. मग त्यानं तोंड पसरलं.

“आक्का, त्याला म्हशीचं दूध द्या, पाणी घालून. चमच्यानं पितंय. हात धुवा, माझा कान धरलाय तुमी. पाटी शेणीत घालून जाळा, कुणाला एक बी देऊ नका. अंबूबाईला सांगा…” अंबूबाईला काय सांगायचं, ते तिला सुचलं नाही. “सांगा, की मी मुका घेऊ दिला. आंघोळ करून घे म्हणावं, लुगडं उकळ म्हणावं. गैबीचा बाप दहा दिसांनी येईल.”

“अगं पर तू जातीयास कुठं?” बयाबाई पुढं आली तशी नजीरा आणखी मागं सरली. “तिथंच ऱ्हावा, आक्का,” ती ओरडली.

पोर आता जीव तोडून रडत होतं, आणि त्या रडण्यानं तिच्या छातीत दूध दाटून आलं आणि चोळी भिजली. गावाबाहेरच्या छपराची वाट रंकाळ्याच्या कडेनं जात होती. ती वाट तिनं एकदाच पाहिली होती, सासूचा निरोप आला त्या दिवशी. मरणाची भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण वीस पावलं गेल्यावर दुसरीच एक भीती मागून आली आणि तिनं तिला जागच्या जागी उभं केलं. ती वळली. बयाबाई दारात तशीच उभी होती, कडेवर हात पसरलेला गैबी.

“आक्का,” ती होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, “मोठा झाल्यावर त्याला सांगा. मी रागावले नव्हते म्हणावं.”

बयाबाईनं मान हलवली असेल. एवढ्या लांबून, तळ्यावरच्या उन्हात, नीट दिसलं नाही. नजीरानं डोक्यावरून पदर ओढला आणि चालू लागली.